दहापैकी सात

आमच्या शाळेत मुख्याध्यापकांची खुर्ची होती आणि मुख्याध्यापकांचं काम करणाऱ्या बाईही होत्या, पण त्या दोघींची गाठ पडलेली मी कितीतरी वर्षं पाहिली नाही. खुर्ची टेबलाच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून. तिच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल. बाई टेबलाच्या अलीकडे, भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या साध्या लाकडी खुर्चीवर. पालक तक्रार घेऊन आले की बाईंच्या शेजारी बसत आणि मग दोघंही त्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बोलत. नव्या माणसाला वाटे, साहेब आत्ताच कुठेतरी उठून गेलेत. एखादा बाईंनाच विचारी, "मोठ्या बाई कधी येतील?" बाई जराही न हसता सांगत, "त्यांची नेमणूक व्हायचीय. तोवर मी आहे, बोला."

आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा संस्थेनं बाईंना 'प्रभारी' नेमलं आणि नंतर विसरून गेली. बाई विसरल्या नाहीत. प्रभारी माणसानं मालकासारखं बसू नये, असं त्यांचं म्हणणं. पण दर शनिवारी शाळा सुटली की खुर्चीवरचा टॉवेल त्या स्वतः घरी नेत आणि सोमवारी धुऊन, इस्त्री करून परत घालत. मी एकदा विचारलं, "बाई, कुणी बसतच नाही तर टॉवेल मळतो कसा?" त्या म्हणाल्या, "धूळ बसते की."

मी पुण्याची. नवऱ्याला हैदराबादेत कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली म्हणून आले आणि हिमायतनगरात घर घेतल्यावर जवळची मराठी शाळा शोधून नोकरी धरली. त्या काळात शहराला नुसती धावपळ सुटली होती. जो भेटेल तो एकतर कॉम्प्युटरचा कोर्स करत होता, नाहीतर कोर्स काढत होता. आमच्या शाळेच्या इंग्रजी माध्यमाला जागा पुरत नव्हती आणि मराठी माध्यमात बाकं रिकामी पडत चालली होती. उरलेल्या मुलांत बहुतेक जण बेगम बाजारात हमाली, किरकोळ व्यापार करणाऱ्यांची नाहीतर नांदेड-परभणीकडून नुकत्याच आलेल्या घरांतली. त्यांना बाई 'माझी लेकरं' म्हणत. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना नुसतं 'विद्यार्थी'.

बाई मूळच्या हैदराबादच्याच. त्यांचे आजोबा बिदरकडून आलेले. त्यांची मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू आवरायचं नाही. 'करायलीस', 'जायलास' हे समजत होतं, पण त्यांचं 'परवा' मात्र समजायला वेळ लागला. परवा म्हणजे परवाही असे, गेल्या वर्षीही असे आणि निजामाच्या अमदानीतही असे. "परवा आमच्या वडिलांना रझाकारांनी अडवलं," असं त्या अगदी सहज सांगत. माझ्या पुणेरी मराठीबद्दल त्यांचं मत एकाच वाक्यात होतं. "तुझी मराठी छान आहे, पण ऐकणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलंय."

त्यांची खरी ख्याती होती ती तपासण्याची. त्या सगळं तपासत. वह्या, फळ्यावरचा सुविचार, शिपायानं लिहिलेला रजेचा अर्ज, लग्नाच्या पत्रिका. लाल रिफिलींचा खोकाच्या खोका त्या बेगम बाजारातून हळद-तिखटाबरोबर घाऊक आणत. वही तपासून झाली की खाली गुण. आणि गुण कधीही सातच्या वर नाहीत. शाळेत पहिला येणारा असो, संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांची नात असो, दहापैकी सात म्हणजे आभाळ. पालक भांडायला येत. बाई म्हणत, "उरलेले तीन मी खाल्ले नाहीत. पुढच्या वर्षासाठी ठेवलेत."

माझ्या पहिल्या पाठाला त्या मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. बी.एड.ला मी पहिल्या वर्गात आलेली, तक्ते काय, नकाशे काय, सगळा थाट. तास संपल्यावर त्यांनी एक चिठ्ठी दिली. 'पाच. तुम्ही सुंदर बोलता. खिडकीजवळचा मुलगा पूर्ण वेळ झोपला होता. गुरुवारपर्यंत पुन्हा.' मला इतका राग आला की घरी येऊन मी नवऱ्याला ती चिठ्ठी तीनदा वाचून दाखवली. गुरुवारी पुन्हा पाठ घेतला. सहा मिळाले. त्या सहांचा आनंद मला बी.एड.च्या निकालापेक्षा जास्त झाला, हे नवऱ्याला मात्र सांगितलं नाही.

त्यांचा गुरुवार ठरलेला असे. काही चुकलं की 'गुरुवारपर्यंत पुन्हा'. चूक सोमवारी होवो नाहीतर बुधवारी दुपारी.

तर या बाईंवर एक दिवस संस्थेचा नियम येऊन आदळला. सेक्रेटरीसाहेबांनी बोलावून सांगितलं की आता जमाना बदललाय, मुख्याध्यापक पदव्युत्तरच हवा, समितीचा ठराव झालाय. बाई बी.ए., बी.एड. दोन वर्षांत शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणली तर पद कायम, नाहीतर बाहेरून माणूस आणू. तो बाहेरचा माणूसही तयारच होता. सेक्रेटरीसाहेबांच्या ओळखीचे एक निवृत्त प्राचार्य. मराठीचे वर्ग बंद करून त्या खोल्यांत कॉम्प्युटर मांडायचे, हा त्यांचा बेत ते चहा पिताना कुणालाही ऐकवत.

शिक्षकखोलीत सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. बाई वह्या तपासत राहिल्या. सगळे गेल्यावर मला म्हणाल्या, "खुर्चीचं काय, मी कुठंबी बसते. पण ही लेकरं कुठं जातील? इंग्रजीत घातली तर महिन्याभरात घरी बसतील."

नेहमीच्या कॉलेजात जायचं तर शाळा सोडावी लागली असती. सुट्टीतल्या वर्गांना जायचं तर सुट्टीत त्या घरोघर फिरून मुलं गोळा करत. मग माझ्या नवऱ्यानं इंटरनेटवरून करायच्या कोर्सचं सुचवलं. एका परदेशी विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातली एम.ए., घरबसल्या. संस्थेनं 'चालेल' म्हणून लिहून दिलं. बाईंचं पन्नाशी उलटलेलं वय आणि कॉम्प्युटरला हात न लावलेला जन्म पाहता, हे काही व्हायचं नाही अशी सेक्रेटरीसाहेबांची खात्री असावी. खरं सांगायचं तर माझीही होती.

नारायणगुड्याच्या चौकाजवळ एक एसटीडी बूथ होता. त्याच्या मालकानं प्लायवूडच्या फळ्या लावून त्याचं इंटरनेट कॅफे केलं होतं. शाळा सुटल्यावर आम्ही तिथं जायचो. बाई सांगणार, मी टाइप करणार. बाईंनी पहिल्याच दिवशी मालकाला टेपवरची गाणी बंद करायला लावली. दुसऱ्या दिवशी दारावरच्या पाटीतल्या चुका दाखवल्या. तिसऱ्या दिवसापासून तो "आदाब मॅडम" म्हणून उठून उभा राहू लागला आणि आमचा कोपऱ्यातला कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाला देईनासा झाला.

पडद्यावर वाचायचं बाईंना जमेना. त्या सगळ्याचे प्रिंट काढून घेत, दाभणानं शिवून त्याचं पुस्तक करत आणि मग लाल पेन घेऊन बसत. विद्यापीठाच्या धड्यांतही त्यांना चुका सापडल्या. त्या त्यांनी पानासकट कळवल्या. उलट आभाराचं पत्र आलं. "बघ," त्या म्हणाल्या, "साहेब लोक चांगले आहेत. तपासलं की आभार मानतात." पुढे जे रामायण झालं त्याचं बी या पत्रात होतं.

आठवड्यातून एकदा संध्याकाळी थेट वर्ग भरे. थेट म्हणजे काय, पडद्यावर एकेकाचं नाव उमटे आणि सगळे टाइप करून बोलत. शिकवणारे प्राध्यापक स्कॉटलंडातले. त्यांचं नाव पडद्यावर उमटलं की बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहत. त्या अडीच फुटांच्या खोक्यात. तिकडच्या घड्याळाचा हिशेब करून मला 'गुड आफ्टरनून, सर' लिहायला लावत. बाकीचे सगळे 'हाय' लिहिणारे. प्राध्यापकांनी उलट 'हॅलो' लिहिलं की मगच बाई खाली बसत. मी म्हटलं, "बाई, त्यांना दिसत नाही." त्या म्हणाल्या, "मला दिसायलंय ना."

कोर्समध्ये एक चर्चेचा फळा होता. प्रत्येकानं दर आठवड्याला तिथं आपलं टिपण लावायचं आणि इतरांच्या टिपणांवर अभिप्राय द्यायचा. वर्गात सगळे शिक्षकच. कुणी फिजीमधले, कुणी आयर्लंडमधले, केनियातली ग्रेस नावाची एक प्राथमिक शिक्षिका. बाकीचे एक-दोघांना 'तुमचं टिपण फार आवडलं' असं लिहून मोकळे होत. बाईंनी सगळ्यांची टिपणं प्रिंट करून घरी नेली, लाल पेननं तपासली आणि दुसऱ्या दिवशी मला टाइप करायला बसवलं.

"लिही. ग्रेस. दहापैकी चार. दुसऱ्या परिच्छेदाला अर्थ नाही. उदाहरण पुस्तकातलं आहे, तुझ्या वर्गातलं दे. गुरुवारपर्यंत पुन्हा."

माझे हात थांबले. "बाई, हे विद्यार्थी नाहीत. तुमच्या बरोबरचे आहेत."

"मग काय झालं? अभिप्राय मागितलाय की."

"असा नाही मागितलेला."

"मग कसा? न वाचता?"

मी टाइप केलं. त्यांच्यापुढे कुणाचं चाललंय? आयर्लंडच्या गृहस्थांना पाच मिळाले आणि 'वाक्यं लहान करा' असा सल्ला. फिजीच्या बाईंना तीन आणि 'हे तुम्ही लिहिलेलं वाटत नाही'. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. ग्रेसनं मात्र खरंच गुरुवारी नवं टिपण लावलं होतं. बाईंनी ते वाचून पाच दिले आणि त्या दिवशी कॅफेवाल्यालाही चहा पाजला.

महिन्याभरात प्राध्यापकांचं पत्र आलं. भाषा अतिशय सभ्य, पण अर्थ सरळ होता. सहाध्यायींनी तक्रारी केल्या आहेत. एकमेकांना गुण देणं हे या वर्गाच्या रीतीत बसत नाही. सर्वांची माफी मागावी. पुन्हा असं घडल्यास अभ्यासक्रमातून नाव कमी करावं लागेल.

मी ते मराठीत सांगितलं. बाईंनी ते पुन्हा इंग्रजीत स्वतः वाचलं. मग पिशवीतून लाल पेन काढून टोपण घट्ट लावलं आणि परत ठेवलं. नाव कमी होणं म्हणजे काय हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. ते प्राचार्य, ते कॉम्प्युटर, ती मराठीची बाकं मागच्या व्हरांड्यात एकावर एक रचलेली.

"माफी कशी मागतात ते लिही," त्या म्हणाल्या. "मला येत नाही."

मी लिहिलं. त्यांनी ते तपासलंसुद्धा नाही.

त्यानंतर बाई दर आठवड्याला मला दोघांच्या टिपणांखाली लिहायला सांगत, 'तुमचं टिपण फार आवडलं.' आधी वाचून मग लिहायच्या, त्यामुळे त्यांचे हाल जास्त. आवडलेलं नसलं तर त्या घशात घास अडकल्यासारखा चेहरा करत. एकदा ग्रेसनं फळ्यावर विचारलं, 'मॅडम, आता गुरुवार नाही का?' मला इतकं वाईट वाटलं की म्हटलं, तिला एकटीला उत्तर पाठवू या. बाई नाही म्हणाल्या. "नक्को. नियम म्हणजे नियम. मला हौस करायची नाही, शाळा वाचवायचीय." पण त्या दिवशी परतताना त्या चौकात उगाच थांबल्या, वाहनं जाऊ देत राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरगी पाचवर आली होती. सहावर गेली असती."

त्यांचं असं मिटून जाणं मला बघवत नव्हतं. शाळेत मात्र वह्या लालच होत राहिल्या.

शेवटचा मोठा लेख राहिला. विषय होता, आपल्या शाळेतली एखादी रीत आणि तिच्यामागचा विचार. आणि खाली बारीक अक्षरात अट. निम्मे गुण प्राध्यापक देणार, निम्मे सहाध्यायी. दोन्हीकडे वेगवेगळं उत्तीर्ण व्हायचं, शंभरात पासष्ट हवेत.

बाईंनी अट वाचली आणि पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या वाटल्या. "ज्यांना मी तीन दिले, चार दिले, ते मला काय देतील?" त्या म्हणाल्या. "आणि त्यांचं चुकणार नाही. मीच शिकवलंय त्यांना, हात आखडता घ्यायला."

मी म्हटलं, विषय तरी सोपा घ्या. परिपाठ घ्या, सहल घ्या. त्यांनी निवडली ती गुण देण्याचीच रीत, सातच्या वर न जाण्याची आणि उरलेले तीन पुढच्या वर्षासाठी ठेवण्याची. मला वाटलं, झालं, आता आपण होऊन आगीत उडी. लेख त्या सांगत होत्या आणि मी टाइप करत होते. तिसऱ्या पानावर आल्यावर मी टाइप करायचं थांबले, कारण हे त्यांनी आम्हाला कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

त्या चौथीत असताना त्यांनी एक निबंध लिहिला होता, आपल्या आईवर. आई त्याच वर्षी गेली होती. वहीला कव्हर घालताना खळ सांडली आणि मधली दोन पानं एकमेकांना चिकटली. गुरुजींनी वही परत दिली तेव्हा खाली दहापैकी दहा होते आणि 'शाब्बास' लिहिलेलं होतं. पानं तशीच चिकटलेली होती. आई गेल्याचं सगळं त्या आतल्या पानांत होतं.

"पुढे लिही," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी मला कळलं की दहा म्हणजे वाचलं नाही. म्हणून मी दहा देत नाही. मी चूक काढते, म्हणजे लेकराला कळतं की कुणीतरी शेवटपर्यंत आलं होतं."

मी ते लिहिलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाई म्हणाल्या, "डोळे पूस, कीबोर्ड त्या माणसाचा आहे."

निकालाच्या आठवड्यात सेक्रेटरीसाहेबांनी ते निवृत्त प्राचार्य शाळा दाखवायला आणले. ते मराठीच्या वर्गांतून हातानं भिंतींची लांबी मापत फिरले. ऑफिसात आल्यावर त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. बाई शेजारी उभ्या होत्या. त्या नम्रपणे म्हणाल्या, "टॉवेल धुतलेला आहे."

निकाल बघायला बाई कॅफेत आल्या नाहीत. मला एकटीला पाठवलं आणि स्वतः सातवीचा जादा तास घेत बसल्या. मी पान उघडलं. प्राध्यापकांचे बहात्तर होते. तिथून खाली सरकवायला माझं बोट तयार होईना. कॅफेवाला मागे येऊन उभा राहिला. "देखो ना मॅडम, कैकू डर रए?"

खाली सगळ्यांचे अभिप्राय होते. आयर्लंडचे गृहस्थ, दहापैकी सात. फिजीच्या बाई, सात. मग ज्यांची नावंही मला आठवत नव्हती ते, सात, सात, सात. एकानंही आठ दिले नव्हते आणि एकानंही सहा. कुणीही 'फार आवडलं' असं लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांनी चुका काढल्या होत्या. पानाच्या, ओळीच्या क्रमांकासकट. फिजीच्या बाईंनी लिहिलं होतं, 'ते तीन गुण पुढच्या वर्षासाठी.' ते वाचून मला ती खळ लागलेली वही आठवली आणि मी तिथंच मोठ्यानं हसले. कॅफेवाला घाबरला, मग तोही हसला.

सगळ्यात शेवटी ग्रेस होती. तिनं आपला अभिप्राय लाल अक्षरांत लिहिला होता. 'सात. पान चार, दुसरं उदाहरण नको. पहिल्यानंच काम झालं आहे. गुरुवारपर्यंत पुन्हा.'

मी प्रिंट काढून धावत शाळेत गेले. बाईंनी सातवीला वाचन दिलं, व्हरांड्यात आल्या आणि सगळे अभिप्राय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मी वाट पाहत होते की आता त्या हसतील, रडतील, काहीतरी करतील. त्यांनी प्रिंट माझ्या हातात दिलं आणि चष्मा काढून पदरानं खूप वेळ पुसला.

"चौथ्या पानाचं पोरीचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "दुसरं उदाहरण मी उगाच घातलं."

"बाई, तुम्ही पास झालात! आता काय चौथं पान?"

"गुरुवारपर्यंत म्हणलीय ना ती."

सेक्रेटरीसाहेबांनी दुसऱ्या दिवशी नेमणुकीचं पत्र काढलं, हार आणला आणि खुर्चीकडे हात केला. "या, बसा आता." बाईंनी हार घेतला, आभार मानले आणि शुक्रवारी बसते म्हणाल्या. साहेबांना वाटलं, मुहूर्त बघितला असेल. कोर्स संपलेला, निकाल लागलेला, फळाही दोन दिवसांत बंद होणार होता. तरी बाई बुधवारी रोजच्या वेळी कॅफेत आल्या, दुसरं उदाहरण काढून टाकलं, पान पुन्हा सांगितलं, आणि आम्ही ते ग्रेसला पाठवलं. एक दिवस आधीच.

शुक्रवारी मी हजेरीपुस्तक द्यायला ऑफिसात गेले. सवयीनं अलीकडच्या लाकडी खुर्चीकडे पाहिलं, ती रिकामी होती. बाई टेबलाच्या पलीकडे होत्या. पाठीमागे टॉवेल, पाय जमिनीला पुरत नव्हते म्हणून खाली वह्यांचा एक गठ्ठा. पुढे एका लेकराचा निबंध उघडा आणि हातात लाल पेन.

मी दारातच उभी राहिले. उभं राहायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी पान संपवलं, खाली गुण घातले आणि मगच वर पाहिलं.

"बस की," त्या म्हणाल्या.